इतिहासाचा धडा: सनावळीपासून उत्तरापर्यंत

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत इतिहासाचे प्रश्न बदलतात. 'केव्हा घडले?' मागे पडते आणि 'का घडले, आणि तेव्हाच का?' हे विचारले जाते. अभ्यास मात्र बहुतेकांचा जुनाच: निम्म्या ओळी रंगवायच्या आणि सनावळ्या घोकायच्या.

धडा पहिल्यांदा हातात पेन न घेता सलग वाचा. कुठली ओळ कामाची, हे धडा संपल्याशिवाय कळत नाही. आधीच रंगवायला बसलात की सगळे पान पिवळे होते. दुसऱ्या वाचनात कोऱ्या कागदावर फार तर दहा घटना सनांसकट उतरवा आणि प्रत्येकीपुढे 'त्यामुळे' लिहून वाक्य पुरे करा. जिच्यापुढे काही सुचत नाही, ती एकतर बिनमहत्त्वाची असते, नाहीतर तुम्हाला समजलेली नसते. बहुधा दुसरेच.

फ्रेंच राज्यक्रांती घ्या. 'कर्ज, महागाई, विषमता, नवे विचार' ही यादी सगळेच लिहितात आणि गुण तिथेच अडतात, कारण यादीत एक कारण दुसऱ्याला भिडत नाही. ते असे भिडवा: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीने राजावरचे कर्ज वाढले, सवलती भोगणाऱ्या वर्गांवर कर बसवायला गेला तर विरोध झाला, म्हणून मे १७८९ मध्ये, १६१४ नंतर पहिल्यांदाच, इस्टेट्स जनरल (धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक यांच्या प्रतिनिधींची सभा) भरवावी लागली, त्यातच १७८८ चे पीक बुडून पाव महागला होता. विषमता शतकानुशतके होतीच. १७८९ च का, याचे उत्तर कर्जात आणि पिकात सापडते.

साधनावरच्या, म्हणजे त्या काळच्या एखाद्या नोंदीवरच्या किंवा कागदावरच्या प्रश्नात घाई नडते. १४ जुलै १७८९ ला पॅरिसचा बॅस्तिय हा तुरुंग-किल्ला जमावाच्या हाती पडला, त्या दिवशी सोळाव्या लुईच्या रोजनिशीत एवढेच आहे: 'काही नाही'. यावरून 'राजा बेफिकीर होता' असे लिहून पुष्कळजण मोकळे होतात. पण ती वही मुख्यतः शिकारीच्या नोंदींची. त्या दिवशी शिकार मिळाली नाही, इतकाच त्याचा अर्थ. साधन कोणी, केव्हा, कशासाठी लिहिले हे आधी पाहा, मगच मजकुराकडे वळा.

उत्तराच्या पहिल्याच वाक्यात तुमचे मत हवे, प्रस्तावना नको. पुढे एका परिच्छेदात एक कारण, त्याचा एक नेमका पुरावा आणि त्याने काय बदलले. उत्तरात 'नंतर' जास्त आणि 'त्यामुळे' कमी दिसले तर तुम्ही गोष्ट सांगत सुटला आहात. वेळ गुणांवर वाटा: ८० गुणांना १८० मिनिटे असतील तर गुणामागे सव्वादोन मिनिटे, म्हणजे ८ गुणांच्या उत्तराला १८. त्यातली पहिली ३ कच्च्या मुद्द्यांना द्या.

उजळणी पुस्तक मिटून करा: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. आठवेल तो सांगाडा निळ्या शाईने लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरा. पुढच्या वेळी फक्त लाल तेवढे वाचा.