हौसेसाठी स्पोर्ट एटीव्ही घेताय? या चुका टाळा

मुळशी, पवना, पानशेत पट्ट्यात फार्महाउस झालं की वर्षा-दोन वर्षांत घरात एटीव्हीचा, म्हणजे कच्च्या जमिनीवर चालवायच्या चार फुगीर टायरांच्या गाडीचा (ऑल-टेरेन व्हेइकल), विषय निघतोच. लोणावळ्याच्या एखाद्या ॲडव्हेंचर पार्कात नाहीतर नागावच्या किनाऱ्यावर दहा मिनिटांची फेरी मारलेली असते, पोरं खूश झालेली असतात आणि कुणीतरी म्हणतं, "भाड्याने काय फिरायचं, आपलीच घेऊ की एक." मग रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ बघणं सुरू. त्यात वाळूच्या टेकाडांवरून उडणारी जी गाडी दिसते, ती स्पोर्ट एटीव्ही. आपल्याकडे वाळूची टेकाडं नाहीत. काळा दगड आहे, तांबडी माती आहे, भातखाचरं आहेत आणि पावसाचे चार महिने आहेत. गाडी निवडताना लोक फसतात ते बहुतेक इथेच.

गाडी आधी, जागा नंतर

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. स्पोर्ट एटीव्ही रस्त्यासाठी बनवलेलीच नसते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि नोंदणी हवी तर आधी त्या मॉडेलची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी झालेली असावी लागते. अशा चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. सकाळी फिरायला जाणारे अर्धे लोक टेकडीला तिच्याच नावाने ओळखतात. बजाजची क्यूट नोंदली जाते ती क्वाड्रिसायकल या वेगळ्या वर्गात. 'तिलाही चारच चाकं आहेत' हा युक्तिवाद आरटीओत चालत नाही. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ची ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येणारी आवृत्ती भारतात आणली होती, पण ती युटिलिटी, म्हणजे कामाच्या गाडीच्या जातीची. विक्रेता "गावाकडे कोण विचारतंय साहेब" म्हणाला, तर तेच बिलावर लिहून द्यायला सांगा.

कायद्यातलं सार्वजनिक ठिकाण म्हणजे नुसता हायवे नव्हे. लोकांना जायचा-यायचा हक्क असलेली कुठलीही जागा त्यात येते, म्हणजे तुमच्या फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंतचा पाणंद रस्ताही. तिथे विनानोंदणी, विनाविमा गाडी कुणाला धडकली तर भरपाई तुमच्या खिशातून.

गायरान म्हणजे बेवारस जमीन, हा आणखी एक गोड गैरसमज. गायरान सरकारी असतं आणि त्यावर गावाची जनावरं चरतात. वन विभागाच्या हद्दीत तर शिरूच नका. सुपे, सासवड, इंदापूरकडचं उघडं माळरान मोकळं दिसतं म्हणून मोह होतो; तिथे लांडगे आणि चिंकारा राहतात, आणि मयूरेश्वर अभयारण्य त्याच पट्ट्यात आहे. धरणांचे काठ उन्हाळ्यात उघडे पडतात तेव्हा वरून माती भेगाळलेली, टणक दिसते. खाली हातभर मऊ गाळ असतो. दोनशे किलोची गाडी त्यात बसली की ट्रॅक्टरवाला शोधावा लागतो, आणि तो त्या दिवशी मागेल ते पैसे घेतो.

म्हणून आधी स्वतःची जागा मोजा. दहा गुंठे म्हणजे जेमतेम हजार चौरस मीटर, ३२ मीटर बाजूचा चौकोन. त्यात घर, आंब्याची झाडं आणि विहीर वजा केली तर दुसरा गिअर पडेपर्यंत कुंपण येतं. एकरभर मोकळी जमीन स्वतःची नसेल किंवा शेजाऱ्याची लेखी परवानगी नसेल, तर माझं मत साफ आहे: पार्कात तासावर पैसे भरून चालवा. वर्षाचा हिशेब काढला तरी तेच स्वस्त पडतं.

स्पोर्ट आणि युटिलिटी एकच समजणं

दिसायला दोन्ही चार फुगीर टायरांच्या. युटिलिटीला बहुधा चारही चाकांना ताकद, ऑटोमॅटिक बेल्ट ड्राइव्ह आणि पुढे-मागे सामानाची कॅरिअर असतात. स्पोर्टला ताकद फक्त मागच्या चाकांना, तीही चेनने. गिअर पायाने टाकायचे, वजन कमी, सस्पेन्शन लांब. बागेला खताची पोती न्यायची असतील, पावसात भाताच्या बांधावरून जायचं असेल, तर युटिलिटीच घ्या आणि पुढचं वाचू नका.

स्पोर्ट गाडीची एक गोष्ट मात्र पैसे देण्याआधी समजून घ्यायलाच हवी. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर असतात, मध्ये डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण दोघं एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे गाडी सरळच जायला बघते. वळवायची तर अंग आतल्या बाजूला झुकवून बाहेरच्या पायावर भार द्यायचा, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं. बाइक चालवण्यात मुरलेला माणूस इथे पहिल्याच दिवशी गोंधळतो. बाइक स्वतः कलते, ही कलत नाही. आणि तोल जातोय असं वाटून पाय खाली टेकला, तर मागचं चाक त्याच पायावर चढतं. फूटपेगच्या (पाय ठेवायच्या खुंटीच्या) बाजूला पाय खाली जाऊ न देणारे जाळीचे नर्फ बार नसलेली गाडी असेल तर ते आधी बसवून घ्या, स्टिकर नंतर.

थ्रॉटलही अंगठ्याने दाबायचा असतो. खड्ड्यात आदळल्यावर हँडल घट्ट पकडताना अंगठा नकळत दाबला जातो, नेमका नको तेव्हा. शिकाऊ माणसासाठी थ्रॉटलची मर्यादा ठरवणारा स्क्रू बऱ्याच गाड्यांना असतो. पहिले काही दिवस तो आत फिरवून ठेवा, मग घरातल्या तरुण मंडळींनी कितीही नाकं मुरडू देत.

सीसी बघून भुलणं

"काका, घ्यायचीच तर मोठी घ्या." हा सल्ला देणाऱ्या पुतण्याला ती उचलून पिकअपमध्ये चढवायची नसते.

यामाहाची वायएफझेड ४५० आर ही ४४९ सीसीची मोटोक्रॉस रेसची गाडी. तिची मजा इंजिन वरच्या आरपीएमला ताणल्यावर सुरू होते. रुंदी सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन बांधांमधल्या वाटेत अडकणारी. तिला रिव्हर्स नाही. रविवारी संध्याकाळी तासभर फिरणाऱ्याला ती दमवते, आणि तेलपाणी, व्हॉल्व्ह यांची देखभालही रेसच्या गाडीसारखीच मागते.

त्याच कंपनीची रॅप्टर ७०० आर ६८६ सीसीची आहे, तरी गंमत म्हणजे हळू चालवायला ती ४५० पेक्षा सोपी. एकच मोठा सिलिंडर, खालच्या आरपीएमलाच भरपूर ओढ, शिवाय रिव्हर्स. पण तेल-पेट्रोलसह वजन १९० किलोच्या पुढे, आणि अंगठा चुकला तर तीही माफ करत नाही. कधीच न चालवलेल्या माणसाची ही पहिली गाडी असू नये.

हौसेखातर चालवणाऱ्याला माझ्या मते २५० ते ४०० सीसीचा टप्पा पुरून उरतो. होंडाची टीआरएक्स २५० एक्स फक्त २२९ सीसीची, पण तिचा क्लच असा आहे की लिव्हर न दाबताही गिअर पडतात आणि गाडी बंद पडत नाही. घरातल्या चार जणांनी आळीपाळीने चालवायची असेल तर याहून सोयीचं काही नाही. टीआरएक्स ४०० एक्स ही ३९७ सीसीची, एअरकूल्ड, कार्बोरेटरवाली. आता जुनीच मिळते, पण साधी असल्यामुळे आपल्या मेकॅनिकला कळते. दोन्हींना रिव्हर्स आहे. रिव्हर्स कशाला हवा, हे कुंपण आणि आंब्याचं झाड यांच्या मध्ये गाडी अडकल्यावर कळतं.

डबलसीट आणि लहान मुलं

स्पोर्ट एटीव्हीची सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून. मागे दुसरा माणूस बसला की भार मागे जातो, चढावर पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी पाठीवर येते. पुण्यात जन्माला आलेल्या माणसाला डबलसीट न बसवणं हा अपमान वाटतो, पण इथे ठाम राहा. पुढे टाकीवर नातवाला बसवणं तर अजिबातच नको.

मुलांच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उपयोगी आहे. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी तीनचाकी एटीव्ही विकणं थांबवलं आणि चारचाकींना वयाची अट लावली. आजही पूर्ण आकाराच्या गाडीवर '१६ वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं लिहिलेलं असतं. सहा वर्षांपासूनच्या मुलांसाठीच्या वर्गात कमाल वेग ताशी २४ किलोमीटर, आणि तो आणखी खाली आणणारी सोय गाडीतच असते. मोठी गाडी 'हळू चालवेल' म्हणून बारा वर्षांच्या पोराच्या हाती देऊ नका. त्याचं वजनच वळणावर गाडी सावरायला पुरत नाही.

हेल्मेटसक्तीवर पुण्यात वर्षानुवर्षं वाद चाललाय, त्यात मी पडत नाही. शेतात सक्ती करायला पोलीस नाहीत, एवढंच लक्षात ठेवा. ऑफरोड हेल्मेट, गॉगल, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि हातमोजे गाडीच्याच बजेटमध्ये धरा.

जुनी गाडी रंग बघून घेणं

आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) आणि कस्टम ड्युटी भरल्याची पावती मागा, आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहा. झेरॉक्स दाखवणाऱ्याकडून मूळ कागद मागायला लाजू नका.

मग गाडी जॅकवर घ्या. पुढचं चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. खटखट आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलंय. मागचं चाक हलवून प्ले लागला तर ॲक्सलच्या (मागच्या अखंड दांड्याच्या) कॅरिअरमधलं बेअरिंग संपलंय. मागची चाकं फिरवून दांडा लचकतोय का ते लांबून पाहा. उड्या मारलेल्या गाडीची फ्रेम फूटपेगच्या आणि ए-आर्मच्या (पुढचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या दांड्यांच्या) जोडांपाशी तडकते, तिथे नवा रंग दिसला तर कारण विचारा. इंजिन थंड असताना सुरू करून बघायचा हट्ट धरा. तुम्ही पोहोचायच्या आधीच गरम करून ठेवलेली गाडी काहीतरी लपवते.

बेअरिंग आणि ऑइल सील नंबरावर मिळतात, नाना पेठेत किंवा भोसरीत काम होतं. ए-आर्म, ॲक्सल, प्लास्टिक मात्र त्या मॉडेलचंच लागतं आणि बाहेरून मागवावं लागतं. दुकानात ११०-१२५ सीसीच्या ज्या स्वस्त चिनी गाड्या मिळतात, त्यांचीही इथेच परीक्षा होते. सपाट अंगणापुरत्या त्या ठीक आहेत, पण घरी आणल्या दिवशी एकेक नटबोल्ट स्वतः आवळा आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा.

घरी आणल्यावर येणाऱ्या तक्रारी

*गाडी उसळते, वळत नाही.* टायरमधली हवा बघा. बऱ्याच स्पोर्ट एटीव्हींना ४ ते ५ पीएसआयच हवा लागते. पंक्चरवाला सवयीने २५-३० भरतो आणि टायर दगडासारखे होतात, फुटूही शकतात. कमी दाबाचा वेगळा गेज आणि सायकलचा पंप गाडीसोबतच घ्या.

*एका बाजूला ओढते.* आधी हवा दोन्ही बाजूंना सारखी करा. तरीही ओढत असेल तर मागच्या दोन टायरांचा घेर टेपने मोजा. अखंड दांड्यावर एक नवा आणि एक झिजलेला टायर चालत नाही. बदलायचे तर जोडीने.

*स्टार्टर फिरतच नाही.* मेकॅनिकला फोन करण्याआधी किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण), न्यूट्रल, क्लच किंवा ब्रेकचा लिव्हर आणि बॅटरीचे टर्मिनल बघा. निम्म्या वेळा किल स्विचच निघतो, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

*स्टार्टर फिरतो, गाडी पकडत नाही.* कार्बोरेटरवाली गाडी महिनोन् महिने उभी असेल तर स्लो जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तुंबलेला असतो. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने पाणी ओढून घेतलं की हा त्रास वाढतो. फ्लोट बाउल (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) काढून साफ करा, जेटमध्ये तार खुपसू नका.

*गरम होते.* रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळलाय. पाणी आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाने मारा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनने जाळीच्या पात्या दुमडतात. एअरकूल्ड गाडी चढावर पहिल्या गिअरमध्ये रखडत नेली तर तापणारच, तिला थांबून श्वास घेऊ द्या.

*धुरळ्यात पिकअप गेला.* मार्च ते मे आपल्याकडे धूळच धूळ. फोमचा एअर फिल्टर धुऊन, वाळवून, फिल्टरचं तेल लावूनच परत बसवा. कोरडा फोम बारीक माती आत सोडतो आणि ती सिलिंडर खाते.

*मागून करकर येते.* काळ्या दगडांवर मागच्या स्प्रॉकेटला आणि डिस्कला मार बसतो, कारण स्पोर्ट गाडीचा तोच सगळ्यात खालचा भाग. दात वाकलेत का बघा, चेनचा ताण तपासा आणि खाली स्किड प्लेट (मार झेलणारा पत्रा) लावून घ्या.

नेआण आणि पावसाळा

गाडी पुण्यात पार्किंगमध्ये ठेवून दर शनिवारी न्यायची असेल तर छोटा हत्ती पुरतो. त्याचा हौदा सुमारे २२० बाय १४९ सेंटिमीटरचा असतो आणि रॅप्टर त्यात बसते. चढवताना गाडी सुरू करून फळीवरून रेस देत चढू नका, फळी मागे सरकली की माणूस गाडीखाली जातो. फळ्या हौद्याला साखळीने बांधा, गाडी बंद ठेवून दोघांनी ढकला आणि रॅचेटचे चार पट्टे चार कोपऱ्यांना ओढा.

जून उजाडण्याआधी पेट्रोल काढून घ्या, फ्लोट बाउल रिकामा करा, बॅटरी सोडवून घरात आणा, चेनला तेल द्या आणि गाडी चाकांवर भार न ठेवता स्टँडवर उभी करा. सायलेन्सरच्या तोंडाला आणि हवेच्या नळीला फडका कोंबून ठेवा. मुळशीच्या पावसात उंदरांना एअरबॉक्ससारखी (एअर फिल्टरच्या डब्यासारखी) कोरडी जागा दुसरी मिळत नाही. दसऱ्याला गाडी काढाल तेव्हा ते दोन्ही फडके आठवणीने काढा आणि एअरबॉक्सचं झाकण उघडून बघूनच स्टार्टरचं बटण दाबा.