बेळगावात घर बघायच्या आधी गल्लीचं पाणी बघा

एजंट घर दाखवायला नेतो ते कोरड्या दिवसांत, सकाळी अकराला. रस्ता स्वच्छ, दारात आंब्याला मोहोर, आत चकचकीत टाइल्स. माणूस तिथंच हरतो. मी बेळगावात नळाची आणि टाक्यांची कामं करतो, त्यामुळं माझी रीत वेगळी. पाणी येतं कसं, जातं कुठं आणि तुंबतं कुठं, एवढं कळलं की गल्ली कळली. बाकीचं ज्याच्या त्याच्या आवडीवर. "टिळकवाडी चांगली की शहापूर?" असं कुणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. एकाच गल्लीच्या दोन टोकांत जमीन-अस्मानाचा फरक असतोय.

आधी येणारं पाणी. शहराला पाणी येतं मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपहून आणि घटप्रभेवरच्या हिडकलहून. २००८ साली महापालिकेच्या ५८ पैकी १० वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. बाकी बऱ्याच भागांत अजून पाळी असते. कुठं चार दिवसांनी, कुठं आठवड्यानं, उन्हाळ्यात त्याहून लांब. म्हणून "पाणी येतं का?" असं विचारूच नका. घरमालक "येतंय की, भरपूर" म्हणणारच. समोरच्या घरातल्या काकूंना विचारा, "मागच्या खेपेला पाणी कवा आलं होतं, आणि किती वेळ?" वार आणि वेळ पटकन सांगितली तर समजा पाळी नियमित आहे. त्या हसून "आज सोडतो म्हणालेत, बघू" म्हणाल्या, तर तेही उत्तरच झालं.

मग गेटजवळची जमीन बघा. नळ जमिनीच्या वर आहे, की हातभर खड्डा खणून त्यात खाली घेतलाय? खड्ड्यात नळ म्हणजे दाब कमी. वर चढत नाही म्हणून पाण्याला भेटायला माणूस खाली उतरलाय. अशा चार-पाच गेटांपुढं ओळीनं खड्डे दिसले तर ती लाइनच मेलेली. त्यात शेजारी थेट नळाला मोटर लावून ओढत असतील तर शेवटच्या घराला फुसफुस हवाच येते. तुमचं घर लाइनीच्या सुरुवातीला की शेवटाला, हे व्हॉल्व्हमनला विचारा. लांब चावी घेऊन पहाटे सायकलवरून फिरणारा हा माणूस त्या भागाबद्दल नगरसेवकापेक्षा जास्त जाणतो. एक चहा पाजा, सगळं सांगतो.

आता संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. झाकण उघडायला लावा, लाजू नका. सरकारी हिशेबानं शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चौघांचं घर म्हणजे ५४० लिटर, आठवड्याची पाळी असेल तर ३,७८० लिटर. संपाची लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजा, तिन्ही गुणा आणि २८ नं गुणा, लिटर मिळतील. सहा बाय पाच बाय सहाचा संप जेमतेम पाच हजारांचा. पाच हजारांच्या आत असेल तर एक लग्नाचा पाहुणा आला की टँकर सांगायची वेळ येते.

जुन्या भागांत आवारात विहीर असते, तिला कमी लेखू नका. या शहराचं विहिरींशी जुनं नातं आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर अजून काँग्रेस रोडवर आहे. फक्त विहिरीचं पाणी बादलीत काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी वास घ्या. वास आला तर शेजारच्या शौचाच्या टाकीचा पाझर असू शकतो, पण वास नाही म्हणजे पाझर नाही असं समजू नका.

जाणारं आणि तुंबणारं पाणी मात्र जुलैतच कळतं. इथला पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही. वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारातून बळ्ळारी नाला जातो, तिकडची जमीन काळी, बासमती पिकवणारी. भातासाठी सोन्यासारखी, भिंतीसाठी नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. नुसता रंग मारलेला असेल तर बोटानं चाचपा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी किती चढलं होतं ते विचारा. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. कंपाउंडवर गुडघाभर उंचीला मातकट रेघ असेल तर विचारायचीही गरज नाही. रस्त्यावरचं ड्रेनेजचं झाकण दगड ठेवून दाबलेलं दिसलं, तर पावसात ते उसळतं हे ओळखा.

बाकीचं थोडक्यात. खासबाग-वडगावात भिंतीला लागून विणकरांचे माग असतील तर खटखट रात्रीही चालते. सवय होते म्हणतात, मला झाली नाही. टिळकवाडीत रेल्वे फाटकाच्या कुठल्या बाजूला शाळा आणि कुठल्या बाजूला घर, हे शाळेच्याच वेळी उभं राहून बघा. कपिलेश्वर तलावाच्या वाटेवरच्या गल्ल्यांत अनंत चतुर्दशीला दुसऱ्या दिवसापर्यंत मिरवणूक चालते. ज्याला ढोल आवडतो त्याला तो बोनसच! पोरांना मराठी शाळेत घालायचं असेल तर शाळेची पाटी बघून येऊ नका, पहिलीत यंदा किती पोरं आहेत ते विचारा. पट रोडावलेल्या शाळेच्या भरवशावर घर घेणं बरं नव्हे.

विकत घेत असाल तर कागद. गुंठ्यावर, नुसत्या बाँडवर विकलेली जागा स्वस्त असते ती उगाच नव्हे. बुडाची (बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी, महापालिकेचा ई-खाता म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, सबरजिस्ट्रारकडून ईसी म्हणजे जागेवर बोजा आहे की नाही याचा दाखला, हे तिन्ही मागा. हिंडलगा, कंग्राळी, मंडोळीसारख्या पंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीतल्या मालमत्तांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११अ. मंजुरी नसलेल्या जागेचा ११ब पुढं केला तर बँकेत कर्जाला अडतं. हे कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या आपल्या माणसाला न्या, विकणाऱ्याच्या माणसाला नव्हे.

आणि भाड्यानंच राहणार असाल तर अकरा महिन्यांचा करार मे महिन्यात करा. मेमध्ये पाण्याची सगळ्यात वाईट पाळी दिसते, महिन्याभरात पहिला मोठा पाऊस दिसतो. "दोन महिन्यांची नोटीस दिली तर डिपॉझिट पूर्ण परत" एवढी एक ओळ लिहून घ्या. मालक ती ओळ घालायला कुरकुरला, तर जुलैत तिथं काय होतं ते त्याला आधीच ठाऊक आहे.