म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखलं तर काय करावं: कोकणातल्या घरांसाठी

छातीत दुखतंय म्हटलं की आपल्याकडे घरात पहिला शब्द उमटतो तो ‘पित्त’. मग आमसुलाचं पाणी, ओवा, हिंग. यात तास-दोन तास सहज जातात. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत जातो. पित्त की हृदय, हे घरी ठरत नाही. ते ईसीजी आणि रक्ताच्या तपासणीवर ठरतं.

आधी ओळखा. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, जड वाटतं. कळ हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात जाते. दुखतं कुठे विचारलं तर माणूस बहुधा बोट न दाखवता अख्खा तळवा छातीवर ठेवतो. पण उतारवयात, विशेषतः मधुमेह असेल तर आणि बायकांमध्ये, छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो. अचानक लागलेली धाप, थंड घाम, मळमळ, चक्कर, एकाएकी आलेला गळाठा, एवढंच दिसतं. आजी ‘काय नाय, जरा दमलंय’ म्हणाली तरी तिच्या कपाळाला हात लावून बघा. घामाने गार लागलं तर वाट बघू नका.

पाखाडीकडे लक्ष ठेवा. एका दमात पाखाडी चढणारे आजोबा आता मध्येच थांबतात, छाती धरतात, पाच मिनिटं बसले की बरं वाटतं आणि पुन्हा चढतात. हे बहुतेकदा वय नसतं, अंजायना असतो, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं दुखणं. आठवडाभरात डॉक्टरांना दाखवाच. तेच दुखणं थोड्या चालण्याने, वरचेवर किंवा बसल्या जागी येऊ लागलं, तर ती तातडी समजा. मुंबईच्या चाकरमान्यांनी फोनवर ‘बरे आहात ना?’ विचारून भागत नाही. ‘चढताना थांबावं लागतं का?’ असं विचारा.

दुखू लागलं की त्यांना टेकवून बसवा आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. वाडी रस्त्याच्या खाली असेल तर माणसाला चालवत वर नेऊ नका. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचला. तोवर एकाला रस्त्यावर, फाट्यापाशी उभं करा. डॉक्टरांनी आधीच दिलेली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) असेल तर बसवूनच जिभेखाली ठेवा. शेजाऱ्याची गोळी देऊ नका, रक्तदाब धाडकन उतरू शकतो. अ‍ॅस्पिरिनबद्दल 108 वरच विचारा. अ‍ॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्राव झालेला असेल तर ते आधी सांगा. द्यायला सांगितली तर साधारण 300 मिलिग्रॅम, चावून. शुद्ध हरपली आणि श्वास थांबला तर छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, जोरात दाबत राहा.

कुठे न्यायचं? थेट कोल्हापूरच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरण्याआधी, ईसीजी होईल अशा सगळ्यात जवळच्या रुग्णालयात थांबा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वांत चांगलं काम करतं आणि घाटात तेच तास जातात. ते कुठे मिळतं, याची चौकशी आजच करून ठेवा. पहिला ईसीजी ठीक आला तरी दुखणं चालू असेल, तर तो पुन्हा काढायला आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं) तपासायला सांगा.

धोका कुणाला जास्त? वय आणि घराणं बदलता येत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्ट्रॉल आणि तंबाखू मात्र आपल्या हातात आहेत. मिश्रीही तंबाखूच. ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी आज्या सकाळी मिश्री लावतात, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं, आणि आपल्याकडे खारवलेला बांगडा, लोणचं, पापड एकाच ताटात असतात. मासे खा, ताजे खा, खारं कधीतरी.

गोळ्या संपल्या म्हणून बंद पडणं हे मला सगळ्यात जास्त सलतं. पावसाआधी आणि गणपतीआधी महिन्याभराच्या गोळ्या घरात आणून ठेवा. जुने ईसीजी आणि गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत घालून दारामागच्या खुंटीला टांगा, म्हणजे न्यायला आलेला कुणीही ती उचलेल.