बूथनिहाय निकालाचा नकाशा कसा तयार करावा

निकालाच्या दिवशी टीव्हीवर दिसतो तो अख्ख्या मतदारसंघाचा आकडा. आपल्या पेठेतल्या शाळेत कुणाला किती मते पडली, हेही जाहीर होते आणि ते कुणालाही पाहता येते. उदाहरणासाठी पुण्यातला कसबा पेठ मतदारसंघ (क्रमांक २१५) आणि २०२४ ची विधानसभा निवडणूक घेऊ.

१. फॉर्म २० मिळवा

मतमोजणीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी फॉर्म २० भरतात. त्यात एका ओळीला एक मतदान केंद्र असते आणि पुढे प्रत्येक उमेदवाराची मते, वैध मतांची बेरीज, नोटा व प्रदत्त मते (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेल्याचे कळल्यावर खऱ्या मतदाराने कागदी मतपत्रिकेवर दिलेली मते). महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर या फॉर्मच्या पीडीएफ मतदारसंघनिहाय असतात. तिथे सापडला नाही, तर जिल्हा निवडणूक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. लोकसभेचे आकडे हवे असतील, तर आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे येतात आणि बूथवार तक्ता क्षेत्रागणिक वेगळा असतो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले केंद्र क्रमांक यात मिसळू नका.

२. तक्ता उतरवा आणि बेरजा जुळवा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो द्यायलाच हवा. पीडीएफमधला मजकूर निवडता येत असेल, तर टॅब्युला या मोफत साधनाने तक्ता थेट एक्सेलमध्ये येतो. पण पुष्कळ फॉर्म स्कॅन केलेले असतात, त्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, लागते. उमेदवारांची नावे उभी छापलेली असली की ओसीआर गडबडते, म्हणून मथळ्याची ओळ हातानेच टाइप करा.

मग दोन तपासण्या करा. आधी प्रत्येक ओळीतल्या उमेदवारांच्या मतांची बेरीज छापलेल्या वैध मतांशी जुळते का, ते सूत्र लावून बघा. १ चा ७ किंवा ३ चा ८ झाला असेल, तर तो इथेच सापडतो. नंतर प्रत्येक उमेदवाराच्या रकान्याची बेरीज निवडणूक आयोगाच्या निकालपानावरच्या ईव्हीएम मतांशी ताडा. टपाली मते तिथे वेगळी दिलेली असतात. ती कुठल्याच बूथची नसतात, त्यामुळे नकाशात ती येणार नाहीत. एखाद्या केंद्रावर सगळी शून्ये दिसली, तर ओळ पुसण्याआधी मूळ पान पाहा. गावाने बहिष्कार टाकला असेल, तर शून्य हाच खरा आकडा असतो.

३. केंद्रांची ठिकाणे

मतदार यादीच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीच्या पानांवर केंद्राचे नाव आणि पत्ता असतो, बहुधा नजरी नकाशाही. त्यावरून इमारत शोधून अक्षांश-रेखांश टिपा. पेठांमध्ये एकाच शाळेत चार-पाच खोल्यांत चार-पाच केंद्रे असतात. तसेच नकाशावर टाकले, तर ठिपके एकावर एक बसतात आणि सर्वांत वरचा तेवढाच दिसतो. म्हणून इमारतीनुसार मते एकत्र करा. खोलीवार तक्ता मात्र जपून ठेवा.

४. नकाशा

क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचे मोफत सॉफ्टवेअर पुरते. तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून साठवा. ती जोडताना एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश द्या. उलट झाले, तर कसबा पेठ नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडेल! खाली मतदारसंघाच्या हद्दीचा थर घाला. डेटामीट या गटाने अशा फाइली मोफत उपलब्ध करून दिल्या आहेत.

रंग मतांच्या संख्येवरून देऊ नका, टक्केवारीवरून द्या. ठिपक्याचा आकार एकूण मतांवरून ठरवा. टक्केवारी काढताना नोटा धरली की नाही, ते नकाशावर लिहा.

पुष्कळ जण ठिपक्यांभोवती व्होरोनॉय बहुभुज काढून, म्हणजे प्रत्येक जागा सर्वांत जवळच्या ठिपक्याला देऊन, सगळा भाग रंगवतात. दिसायला छान, पण मला ते पटत नाही. बूथला मिळते ती मतदारांची यादी, आणि गल्लीच्या एका बाजूचे मतदार जवळची शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जात असू शकतात. रंगवायचेच असेल, तर हद्दी अंदाजाने काढल्या आहेत असे ठळक लिहा.

५. तुलना आणि प्रसिद्धी

२०१९ चा केंद्र क्रमांक ४० आणि २०२४ चा ४० एकच असेल, असे धरू नका. दर निवडणुकीआधी केंद्रांची फेररचना होते, आणि २०२५ मध्ये तर आयोगाने एका केंद्रावरच्या मतदारांची कमाल मर्यादा १५०० वरून १२०० केली. तुलना इमारतीचे नाव आणि यादीतल्या वस्त्या पाहूनच करा.

लहान वाडी किंवा पाड्यावरच्या केंद्राचा निकाल पाहून कोणी कुणाला मत दिले, याचा अंदाज गावात सहज बांधला जातो. कागदी मतपत्रिकांच्या काळात काही ठिकाणी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजत. ईव्हीएमसाठी अशीच सोय, म्हणजे टोटलायझर, आयोगाने २००८ मध्ये सुचवली होती, पण ती लागू झाली नाही. त्यामुळे ही काळजी आता नकाशा काढणाऱ्यानेच घ्यायची: थोड्या मतदारांची केंद्रे शेजारच्या केंद्रांशी जोडून एकच आकडा दाखवा, आणि तसे केल्याची नोंद नकाशाखाली करा.