मुंजीची डीव्हीडी ते अवंतिकातली रात्र: पोर्टेबल व्हिडिओ प्लेयर कसा निवडावा

प्लेयर बघायला जेल रोडला जाण्याआधी घरातलं कपाट उघडा. रामबाग असो की लोकमान्य नगर, इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांत एका खणात नाटकांच्या सीडी-डीव्हीडी, मुलाच्या मुंजीची स्टुडिओवाल्याने करून दिलेली डिस्क आणि बाजूला दोन-चार पेनड्राइव्ह सापडतात. बाकीचं सगळं मोबाइलच्या ॲपमध्ये. या तीनपैकी तुमचा माल जास्त कुठे आहे, त्यावर यंत्र ठरवायचं. डिस्क जास्त असतील तर पोर्टेबल डीव्हीडी प्लेयर, सगळं ॲपवरच बघत असाल तर टॅब्लेट. पेनड्राइव्हवाल्यांचं दोन्हींवर भागतं, पण सगळ्यात जास्त फसगत त्यांचीच होते.

आधी पडदा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१०८० पी सपोर्ट’ लिहिलेलं असतं. यंत्र तशी फाइल उघडतं, एवढाच त्याचा अर्थ. पडद्यावर तेवढे ठिपके आहेत असं त्यातून कळत नाही. दुकानदाराला पॅनलचं मूळ रिझोल्यूशन विचारा. सात इंची जुन्या प्लेयरमध्ये ४८० × २३४ चं पॅनल सर्रास असे, म्हणजे जेमतेम १,१२,००० ठिपके. आपल्याकडच्या पाल (भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६ चं, चार लाखांच्या वर. डिस्कवर असलेल्या तपशिलाचा पाव हिस्साच अशा पडद्यावर उतरतो, आणि नाटकाच्या लांबून घेतलेल्या दृश्यात नटांचे चेहरे ओळखू येत नाहीत. दहा इंचीत १०२४ × ६०० च्या खाली जाऊ नका. आजी-आजोबांसाठी घेत असाल तर सात इंचीचा विचारच सोडा.

पॅनलचा प्रकारही बघून घ्या. चालू प्लेयर हातात धरून पुढे-मागे झुकवा. खालून बघताना चेहरे काळवंडले किंवा फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसले तर ते टीएन पॅनल समजा. आयपीएस पॅनलमध्ये रंग जवळजवळ तसेच राहतात. एकट्याने समोर बसून बघायचं तर टीएन चालून जातं. पण गाडीच्या मागच्या सीटवर दोन मुलं शेजारी बसून बघणार असतील, किंवा बर्थवर आडवं पडून बघायचं असेल, तर आयपीएसच घ्या.

आता फाइलींचं. लग्नात मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकला, प्लेयरला लावला, आणि पडद्यावर आलं ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’. फाइल एमपी४ आहे, खोक्यावरही एमपी४ लिहिलंय, मग बिघडलं कुठे? एमपी४ हे नुसतं डब्याचं नाव आहे. आत आमटी आहे की सार, ते झाकणावरून कळत नाही. मोबाइल व्हिडिओ एच.२६४ किंवा एचईव्हीसी पद्धतीने भरतो. साध्या पोर्टेबल डीव्हीडी प्लेयरमधली चिप मात्र एमपीईजी-१, एमपीईजी-२ आणि जुनं डिव्हएक्स-एक्सव्हिड, एवढंच उलगडू शकते. आवाज येतो पण चित्र नाही, हीसुद्धा याच गोष्टीची खूण.

उपाय घरीच होतो. कॉम्प्युटरवर एव्हीडिमक्स हा मोफत प्रोग्रॅम घ्या. व्हिडिओसाठी एक्सव्हिड, आवाजासाठी एमपी३ आणि डबा म्हणून एव्हीआय निवडा. चित्राची रुंदी ७२०. रुंद पडद्याच्या चित्रपटाला उंची ४००. व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती भरायची ते, १५०० केबीपीएस, आवाजाचा १२८. एक्सव्हिडच्या सेटिंगमध्ये ‘क्वार्टर पिक्सेल’ आणि ‘जीएमसी’ या दोन खुणा काढून टाका. त्या राहिल्या तर कॉम्प्युटरवर फाइल छान दिसते आणि प्लेयरवर चौकोन-चौकोन फुटतात. या मापाने तासाला साधारण ७३० एमबी लागतात, म्हणजे अडीच तासांचा चित्रपट १.८ जीबीत बसतो.

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेला असला तर बहुतेक प्लेयर तो लावलाय हेच ओळखत नाहीत. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. मोठी फाइल कॉपी करताना जागा असूनही ‘फाइल टू लार्ज’ असं येतं ते त्यामुळे. प्लेयरसाठी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह वेगळाच ठेवा. त्याहून मोठा असेल तर विंडोजचं नेहमीचं फॉरमॅट आजवर फॅट३२ चा पर्याय देत नसे.

मराठी सबटायटलसाठी एक अडचण खास आपली. साध्या डीव्हीडी प्लेयरच्या पोटात देवनागरी अक्षरंच नसतात, त्यामुळे वेगळ्या फाइलमधली मराठी ओळ चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन येते. फाइल बदलतानाच सबटायटल चित्रावर कायमची उमटवून घ्या. टॅब्लेटवर व्हीएलसी या मोफत ॲपमध्ये हा त्रास नाही, फक्त सबटायटलची फाइल यूटीएफ-८ (देवनागरी सांभाळणारी अक्षरपद्धत) मध्ये सेव्ह केलेली असावी.

डिस्कवाल्यांनी नवा प्लेयर आणण्याआधी जुन्या डिस्क जिवंत आहेत का ते बघावं. स्टुडिओत लिहिलेली डीव्हीडी कारखान्यात छापलेल्या डिस्कसारखी नसते; तिच्यात रंगाचा थर असतो आणि ऊन, उष्णता, वर्षं यांनी तो विटत जातो. उजेडात धरून पाहिली की कडेला फिकट पट्टे किंवा डाग दिसतात. रेकॉर्डिंग कडेकडे संपत असल्याने मुंजीची सुरुवात नीट लागते आणि जेवणाच्या पंगती आल्या की चित्र अडकतं. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये ती अजून वाचली जात असेल तर थांबू नका. डिस्क उघडल्यावर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल. तो आख्खा हार्डडिस्कवर कॉपी करा, आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. त्यातल्या व्हीओबी फाइल एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात. एखादाच तुकडा उचलून आणलात तर पुढचा कार्यक्रम राहून जातो.

कॉम्प्युटरवर लागते आणि प्लेयरवर ‘नो डिस्क’ येतं, असं झालं तर दोन शक्यता. रेकॉर्डरवर लिहिलेली डिस्क फायनलाइज (इतर प्लेयरना वाचता यावी म्हणून शेवटी बंद) केलेली नाही, किंवा प्लेयरच्या लेन्सवर धूळ बसली आहे. दुसरी दोन मिनिटांत तपासता येते. झाकण उघडा, मधल्या गोल चकतीच्या बाजूला हिरव्या मुगाएवढं बारीक भिंग दिसेल, तीच लेन्स. फुग्याच्या ब्लोअरने हवा मारा. तरीही नाही तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून अलगद पुसा. दाबू नका, लेन्स केसाएवढ्या बारीक तारांवर तोललेली असते. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. विकत घेतलेली परदेशी डिस्क अजिबात लागत नसेल तर मागचा रीजन आकडा (डिस्क कोणत्या देशांसाठी आहे तो) बघा, भारताचा ५ आहे.

टॅब्लेट घेणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वाइडवाइनची, म्हणजे ॲपमधल्या चित्रपटांची चोरी रोखणाऱ्या कुलपाची, पातळी. ‘डीआरएम इन्फो’ नावाचं ॲप टाकून बघा. एल१ असेल तर पैसे भरून बघायच्या ॲपांवर एचडी मिळू शकतं. एल३ असेल तर कित्येक ॲप ४८० पीवर अडकवतात, मग पडदा कितीही चांगला असो. स्वस्त टॅब्लेटमध्ये इथेच काटकसर केलेली असते. दुसरी, टाइप-सी भोकातून टीव्हीला चित्र जातं का. भोक टाइप-सीचं आहे म्हणून चित्र जाईलच असं नाही, त्याला डिस्प्लेपोर्टची सोय लागते. ती नसलेल्या टॅब्लेटला एचडीएमआयची वायर लावली तरी टीव्ही काळाच राहतो.

प्रवासासाठी चित्रपट डाउनलोड केलात की निघायच्या आदल्या रात्री विमान मोड लावून प्रत्येक फाइल दहा सेकंद चालवून बघा. काही डाउनलोडची मुदत संपलेली असते आणि ती वाढवायला इंटरनेट लागतं. काही ॲपमध्ये एकदा सुरू केलेला चित्रपट ४८ तासांत संपवावा लागतो, म्हणून या तपासणीत असे चित्रपट चालवू नका, नुसती मुदत वाचा. मेमरी कार्ड नवं असेल तर कॉम्प्युटरवरच्या ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रॅमने आधी पूर्ण भरून तपासा. बनावट कार्डावर २५६ जीबी लिहिलेलं असतं आणि आत खरे ३२ असतात. त्यापुढे टाकलेलं सगळं वाया जातं आणि ते कळतं सेंधव्याच्या घाटात, जिथे नेटवर्कवर विसंबणं शहाणपणाचं नाही.

विजेचा हिशेब मिनिटांत मांडा. डीव्हीडी प्लेयरची बॅटरी साधारण ७.४ व्होल्ट, २००० एमएएच, म्हणजे १४.८ वॉट-तास. मोटर, लेसर आणि पडदा मिळून सहा-सात वॉट खातात, म्हणजे सव्वादोन तास. खोक्यावर चार तास लिहिलेले असले तरी तीन अंकी नाटक या बॅटरीवर संपेलच असं नाही. तेच पेनड्राइव्हवरून लावलं तर मोटर फिरत नाही आणि वेळ वाढतो. हे प्लेयर बहुधा ९ ते १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे मोबाइलची ५ व्होल्टची पॉवर बँक त्यांना पुरत नाही. टॅब्लेटला ती चालते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून दहा इंची टॅब्लेट साधारण एकदाच भरतो. विमानाने जाताना ती हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात देऊ नका. परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंत नेता येते. २०,००० एमएएचची बँक ७४ भरते.

अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला रात्रभर जायचं असेल तर चार्जिंग पॉइंटच्या भरवशावर राहू नका. डब्यांतलं सॉकेट ११० व्होल्टचं असतं आणि रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याचा नियम आहे. चार्जरवर ‘इनपुट १००–२४०’ छापलेलं असेल तर तो ११० वर चालतो. नुसतं २२० लिहिलेला जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर तिथे कामाचा नाही. कारमध्ये पिन लावण्याआधी चार्जरचं आउटपुट प्लेयरच्या मागे लिहिलेल्या व्होल्टशी जुळवा, मधल्या टोकाचं अधिक-उणे चिन्हही जुळवा. इंजिन सुरू करताना पिन काढून ठेवा, त्या क्षणी व्होल्टेज वर-खाली होतं. धक्क्यांच्या रस्त्यावर डिस्क अडखळते, पेनड्राइव्ह नाही. लांबच्या प्रवासात म्हणून पेनड्राइव्हच बरा.

प्लेयर मोठ्या टीव्हीला जोडताना एक चकवा लागतो. एका बाजूला ३.५ मिमीची चार कड्यांची पिन आणि दुसऱ्या बाजूला पिवळी, पांढरी, लाल टोकं असलेली वायर दिसायला सारखीच असते, पण पिनेवरच्या कड्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. चित्र नाही आणि स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर वायर खराब समजून फेकू नका. टीव्हीच्या पिवळ्या भोकात लाल टोक लावून बघा, मग पांढरं. चित्र आलं तर क्रमाचाच घोळ होता. एकातही आलं नाही तर प्लेयरसोबत आलेलीच वायर वापरा, कारण काही वायरींत ग्राउंडची (अर्थची) तारच भलत्या कडीवर असते.

मुलांच्या हेडफोनचा आवाज ८५ डेसिबलवर अडकणारा घ्या. प्लेयर पुढच्या सीटच्या डोक्यामागे पट्ट्याने घट्ट बांधा. मांडीवर ठेवलेला प्लेयर करकचून ब्रेक लागला की उडतो. रिमोटमध्ये सीआर२०२५ ची चपटी बॅटरी असते. ती लहान मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून झाकणाला चिकटपट्टी लावा आणि मूल बॅटरी गिळलं असा नुसता संशय आला तरी सरळ इस्पितळ गाठा. मे महिन्यात बंद कारच्या डॅशबोर्डवर प्लेयर किंवा पॉवर बँक ठेवू नका, बॅटरी फुगते. फुगलेली दिसली की चार्जिंगला लावू नका, टोचू नका, कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. दिवाळीनंतर पुढच्या सुट्टीपर्यंत प्लेयर कपाटात जाणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेवढीच भरून घ्या.