पट्ट्या, पेट्या आणि मोफत डेटा सॉफ्टवेअर : सुरुवातीलाच या चुका टाळा

गेल्या हंगामाच्या शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावसजवळच्या एका आंब्याच्या बागेत, घराच्या ओटीवर लॅपटॉप उघडून आम्ही बसलो होतो. बागायतदार काकांच्या मुलाने दोन वर्षांच्या पट्ट्या, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, रात्री जागून संगणकात भरल्या होत्या. मोफत मिळणारं पॉवर बीआय डेस्कटॉप उतरवून घेऊन महिन्यावार विक्रीचा आलेखही काढला होता. काका चष्मा सावरत स्क्रीनकडे वाकले आणि म्हणाले, "अरे, नोव्हेंबरात आपण आंबा कुठला विकला? तेव्हा झाडावर धड मोहोरसुद्धा नसतो."

आलेखात ऑगस्टमध्ये विक्री होती, सप्टेंबरमध्ये होती, डिसेंबरमध्येही होती. आणि ऐन एप्रिल-मेच्या रकान्यात मात्र काकांच्या अंदाजाच्या निम्माही माल नव्हता.

आंबा, काजू, कोकम, मासळी, होमस्टे अशा व्यवसायांचे हिशेब मी बघतो. घरातल्या तरुण मुलाने किंवा सुनेने उत्साहाने हे काम हाती घेतलं आणि पहिल्याच आलेखात असं काहीतरी निघाल्यावर घरच्यांचा विश्वास उडाला, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. मला त्याचं वाईट वाटतं, कारण चूक बहुतेक वेळा छोटी असते आणि तासाभरात दुरुस्त होते. म्हणून वारंवार दिसणाऱ्या चुका इथे लिहितो आहे.

तारखांचा घोळ

काकांच्या आलेखात नेमकं झालं काय, ते आधी सांगतो. आपण तारीख लिहितो ती दिवस, महिना, वर्ष अशी. ८ एप्रिल म्हणजे ०८/०४. पण त्या लॅपटॉपची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची होती, आणि तिकडे महिना आधी लिहितात. त्यामुळे सॉफ्टवेअरने ०८/०४ म्हणजे ४ ऑगस्ट असं वाचलं. ११ एप्रिलचा झाला ४ नोव्हेंबर. मार्च, एप्रिल आणि मे या तिन्ही महिन्यांच्या पहिल्या बारा दिवसांची विक्री अशी वर्षभर विखुरली गेली, आणि प्रत्येक महिन्याच्या ३, ४ आणि ५ तारखेला जाऊन बसली. तुमच्या तक्त्यात सगळा माल दर महिन्याच्या याच दोन-तीन तारखांना गेलेला दिसला, तर रोग हाच समजा.

तेराव्या दिवसापासून पुढच्या तारखांचं काय झालं? तेरावा महिना नसतो, त्यामुळे तिथे सॉफ्टवेअरने 'एरर' दाखवलं. मुलाने लाल अक्षरं बघून 'रिमूव्ह एरर्स' हे बटण दाबलं आणि त्या सगळ्या ओळी गेल्या. महिन्याचे जवळजवळ अठरा दिवस आलेखातून पुसले गेले. हे बटण सुरुवातीला कधीही दाबू नका. एरर म्हणजे सॉफ्टवेअर तुम्हाला हाक मारतंय, आधी तिकडे बघा.

दुरुस्ती सोपी आहे. पॉवर बीआयच्या पॉवर क्वेरी या, माहिती साफसूफ करण्याच्या, खिडकीत उजव्या बाजूला केलेल्या कामाच्या पायऱ्या दिसतात. त्यात 'चेंज्ड टाइप' नावाची पायरी सॉफ्टवेअरने आपणहून घातलेली असते. 'रिमूव्ह एरर्स'ची पायरी असेल तर ती आणि ही, दोन्ही काढून टाका. मग तारखेच्या रकान्यावर उजवी क्लिक करून 'चेंज टाइप', त्यात 'यूझिंग लोकॅल' (लोकॅल म्हणजे प्रादेशिक सेटिंग), आणि तिथे 'डेट' व 'इंग्लिश (इंडिया)' निवडा. लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकुराची) फाइल उघडताना जी आयातीची खिडकी येते, तिथेच त्या रकान्यावर क्लिक करून 'डेट (डीएमवाय)' निवडायचं. गूगल शीट्समध्ये 'फाइल', 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन लोकॅल भारत ठेवा, आणि हे नोंदी भरण्याआधी करा. कारण एकदा चुकीच्या तारखेत रूपांतर झालं, की नंतर नुसतं दिसण्याचं स्वरूप बदलून उपयोग होत नाही. ४ ऑगस्टचा ४ ऑगस्टच राहतो. मूळ फाइल पुन्हा उघडावी लागते, म्हणून ती कधी फेकू नका.

मोफत म्हणजे नेमकं काय मोफत

सॉफ्टवेअर निवडताना पहिली चूक अशी होते की चार नावं ऐकून चारही उतरवली जातात. पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे, पण ते फक्त विंडोजवर चालतं. स्वतःच्या संगणकावर वापरायला काही अडचण नाही, पण ऑनलाइन सेवेत खातं काढायला जीमेलचा पत्ता चालत नाही, कामाच्या किंवा संस्थेच्या डोमेनचा ईमेल लागतो. तो अहवाल दुसऱ्यांशी रीतसर वाटून घ्यायचा तर सहसा पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. लुकर स्टुडिओ, ज्याचं आधीचं नाव डेटा स्टुडिओ होतं, ते ब्राउझरमध्ये चालतं आणि गूगल शीट्सशी छान जुळतं. मात्र इंटरनेट हवंच. पावसाळ्यात दोन-दोन दिवस रेंज नसलेल्या गावात बसून काम करणाऱ्याने याचा विचार करावा.

माझा सल्ला विचाराल तर सुरुवात लिबरऑफिस कॅल्कने करा. ते पूर्ण मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि त्यात पिव्हट टेबल, म्हणजे नोंदींचे गट पाडून आपोआप बेरजा देणारा तक्ता, आहे. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. एका घरच्या बागेच्या दहा वर्षांच्या पट्ट्या भरल्या तरी तिथवर पोचणार नाही. पिव्हट टेबल हाताखालून गेलं की पॉवर बीआय शिकायला निम्मा वेळ लागतो.

आणि एक गोष्ट जरा कळकळीने सांगतो. टॅब्लो पब्लिक या आणखी एका मोफत सॉफ्टवेअरवर प्रकाशित केलेलं काम नावाप्रमाणे सगळ्यांसाठी उघडं असतं. पॉवर बीआयमधल्या 'पब्लिश टू वेब'चंही तसंच, तो दुवा ज्याच्या हाती लागेल तो बघू शकतो. तारकर्लीच्या होमस्टेची पाहुण्यांची यादी, त्यांचे मोबाइल नंबर, कोण कधी राहिलं, हे असं उघड्यावर जाता कामा नये. आपल्याकडे विश्वासाने राहून गेलेल्या माणसांची ती माहिती आहे. विश्लेषणाला नंबर लागतच नाहीत. तो रकाना वेगळ्या फाइलीत ठेवा आणि पाहुण्याला नुसता अनुक्रमांक द्या.

वहीसारखा तक्ता

वहीत आपण वर महिन्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहितो, खाली नोंदी, शेवटी रेघ मारून बेरीज. वहीला ते शोभतं, सॉफ्टवेअरला त्याने घोळ होतो. एप्रिलच्या नोंदींखाली 'एकूण' ही ओळ ठेवली, तर सॉफ्टवेअर तिलाही एक विक्रीच समजतं आणि उत्पन्न बरोबर दुप्पट दिसतं. आकडा ठोकळ दुप्पट आला की सगळ्यात आधी 'एकूण'च्या ओळी शोधा. एक ओळ म्हणजे एक व्यवहार, एक रकाना म्हणजे एकच गोष्ट, जोडलेले सेल नाहीत, मधे रिकाम्या ओळी नाहीत. बेरजेचं काम पिव्हट करेल.

दुसरी सवय रकमेपुढे '/-' लावण्याची. तक्त्यात '१२,०००/-' असं लिहिलं की तो आकडा राहत नाही, अक्षरं होतात, आणि बेरीज करताना कॅल्क त्याला चुपचाप वगळतं. कसलीही सूचना येत नाही, नुसती बेरीज कमी येते. ओळखायची युक्ती अशी : कॅल्कमध्ये कंट्रोल आणि एफ८ एकत्र दाबा. खरे आकडे निळे दिसतात, अक्षरं काळी, सूत्रं हिरवी. निळ्या रकान्यात मधेच एक काळा ठिपका दिसला की तोच चोर. रुपयाचं चिन्ह, '/-', 'रु.' हे सगळं काढा आणि संगणकात भरताना इंग्रजी अंकच वापरा.

हापूस, हापुस आणि पेटी

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न इथे शुद्धलेखनापुरता राहत नाही. 'हापूस', 'हापुस' आणि शेवटी एक मोकळी जागा पडलेला 'हापूस ' हे सॉफ्टवेअरच्या लेखी तीन वेगळे आंबे आहेत. पिव्हटमध्ये एकच नाव दोनदा दिसतं आणि माणूस चक्रावतो. पॉवर क्वेरीत 'ट्रिम' केल्याने कडेच्या मोकळ्या जागा जातात. बाकी नावं 'रिप्लेस व्हॅल्यूज'ने एकसारखी करून घ्या. पुढच्या वर्षी ही वेळच येऊ नये म्हणून नावं टंकू नका, कॅल्कमध्ये 'डेटा', 'व्हॅलिडिटी' वापरून यादीतून निवडा.

मराठी अक्षरांऐवजी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसली, तर फाइल उघडताना अक्षरसंच 'यूटीएफ-८' निवडा, एक्सेलमधून जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये भरलेल्या फाइली मात्र याने सुधारत नाहीत, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

पण खरा घात करते ती पेटी. कुणाची पेटी चार डझनांची, कुणाची पाचची, लहान फळ असेल तर सहा-सात डझनांची. 'पेटीचा सरासरी दर' हा आकडा मग काहीच सांगत नाही. पेटीच्या रकान्याशेजारी 'डझन' असा रकाना हवाच. मासळीत टोपलीऐवजी किलो, काजूत पोत्याऐवजी किलो. ज्याने वहीत फक्त पेट्या लिहिल्यात, त्याला मी आठवून डझन भरायला लावतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्यावाचून पुढचं सगळं कच्च्या पायावर उभं राहतं.

सरासरीचीही हीच गत. समजा सुरुवातीला १० पेट्या ३,००० रुपयांनी गेल्या आणि नंतर तेवढ्याच डझनांच्या ९० पेट्या १,५०० रुपयांनी. दोन दरांची सरासरी २,२५० येते, आणि ती ऐकून माणूस खूश होतो. हातात आले १,६५,००० रुपये, म्हणजे पेटीला १,६५०. दरांची सरासरी काढू नका, एकूण रकमेला एकूण मालाने भागा.

मार्च एकीकडे, एप्रिल दुसरीकडे

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. हापूसचा हंगाम मात्र तेव्हा भरात येत असतो. आर्थिक वर्षाने तुलना केली की एका हंगामाचे दोन तुकडे होतात : लवकर आलेला, चढ्या दराचा माल एका वर्षात आणि उरलेला पुढच्या वर्षात. पॉवर बीआयची आपोआप तयार होणारी तारखांची उतरंड तर जानेवारी ते डिसेंबर धरून चालते. करासाठी आर्थिक वर्ष ठेवाच, पण बाजूला 'हंगाम' नावाचा स्वतःचा रकाना घाला आणि तुलना त्याने करा. मासळीवाल्यांनी हंगाम ऑगस्ट ते मे धरावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे महिन्याची सरासरी काढताना बाराने भागलं तर चालू महिन्यांचं चित्र विनाकारण फिकं दिसतं. घरखर्च बसवायचा असेल तेव्हा मात्र बारानेच भागा, कारण पोट दोन महिने बंद राहत नाही.

दोन तक्ते जोडताना

विक्रीचा तक्ता आणि ग्राहकांची यादी जोडली आणि विक्री वाढली, असं झालं तर यादीत तो ग्राहक दोनदा आहे. त्याची प्रत्येक विक्री मग दोनदा मोजली जाते. जोडण्याआधी बेरीज कागदावर लिहून ठेवा, जोडल्यावर पुन्हा बघा. दोन्ही जुळल्या नाहीत तर पुढे जाऊ नका. पॉवर क्वेरी रकान्याची गुणवत्ता दाखवते ती मुळात पहिल्या १,००० ओळींवरून, हेही ध्यानात असू द्या. खाली डाव्या कोपऱ्यात ते बदलून पूर्ण तक्त्यावर नेता येतं.

अहवाल उघडल्यावर फाइल सापडत नाही असं आलं, तर बहुधा कुणीतरी मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेली किंवा तिचं नाव बदललेलं असतं. 'डेटा सोर्स सेटिंग्ज'मध्ये नवा पत्ता द्या. लुकर स्टुडिओत शीटमधल्या रकान्याचं शीर्षक बदललं तर आलेख मोडतो, तिथे 'रिफ्रेश फील्ड्स' करा.

काकांच्या ओटीवर त्या दिवशी तारखा नीट व्हायला वीस मिनिटं लागली, डझन भरायला दोन संध्याकाळी. तेराव्या दिवसानंतरच्या सगळ्या ओळी परत आल्या. मग मुलाने मुळातला प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं : वाशीला दलालाकडे गेलेल्या मालात भाडं, हमाली, दलाली वजा जाता डझनामागे हातात किती राहतं, आणि पुण्याला थेट घरपोच पाठवलेल्यात खोका आणि कुरिअर धरून किती? उत्तरात दोन आकडे होते. काकांनी ते पट्ट्यांच्या फाइलीच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहून घेतले आणि लगेच विचारलं, "आता हेच मार्चचं आणि मेचं वेगवेगळं काढता येईल का?"