मोटरहोमचा रिव्हर्स कॅमेरा बंद पडल्यास दोष कसा शोधावा

मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, चालकाच्या पाठीमागे कपाटे, बिछाने आणि बंद भिंत असल्याने केबिनमधल्या आरशात मागचा रस्ता सहसा दिसतच नाही, आणि बाजूच्या आरशांतून गाडीच्या अगदी मागचा पट्टा कधीच पूर्ण दिसत नाही. त्यामुळे रिव्हर्स कॅमेरा बंद पडला की गाडी मागे घेणे खरोखरच अवघड होते. अशा वेळी बरेच जण थेट नवा कॅमेरा मागवतात. कॅमेरा मात्र या व्यवस्थेचा एकच भाग आहे. वीजपुरवठा, मागून पुढे येणारी लांब केबल, मधले जोड, चालकासमोरचा मॉनिटर आणि रिव्हर्स गिअर टाकल्याची सूचना मॉनिटरला देणारी बारीक वायर, यांपैकी काहीही बिघडले तरी चित्र जाते. म्हणून सुटा भाग विकत घेण्याआधी दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे, हे सिद्ध करावे.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना ठोकळे लावावेत. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावे आणि मग रिव्हर्स गिअर टाकावा. गिअर रिव्हर्समध्ये असताना इंजिन चालू करू नये आणि गाडीच्या मागे कोणी उभे असताना तर मुळीच नाही. हाताशी मल्टिमीटर (व्होल्टेज आणि वायरची जोडणी तपासणारे उपकरण), पेचकस, योग्य क्षमतेचे फ्यूज आणि शक्य असल्यास कॅमेऱ्याला जुळणारी एखादी छोटी केबल असावी.

सर्वप्रथम मॉनिटर नेमके काय दाखवतो ते पाहावे, कारण अर्धे निदान तिथेच होते. पडदा पूर्ण काळा असून त्याचा दिवाही लागत नसेल, तर बहुधा मॉनिटरलाच वीज मिळत नाही. पडदा निळा होऊन ‘सिग्नल नाही’ असा संदेश येत असेल, तर मॉनिटरला वीज मिळते आहे आणि दोष बहुधा केबल, कॅमेरा किंवा कॅमेऱ्याच्या वीजपुरवठ्यात आहे. बटण दाबून कॅमेऱ्याचे चित्र व्यवस्थित दिसते, पण रिव्हर्स गिअर टाकल्यावर आपोआप येत नाही, असे असेल तर कॅमेऱ्याला हातही लावू नये. त्या परिस्थितीत रिव्हर्सच्या दिव्यापासून मॉनिटरपर्यंत येणारी सूचनेची वायर तुटलेली किंवा निसटलेली असते. त्याआधी रिव्हर्सचा दिवा लागतो का, हे दुसऱ्या माणसाला बाजूला उभे करून पाहून घ्यावे. दिवाही लागत नसेल, तर दोष फ्यूजमध्ये किंवा गिअरबॉक्सवरच्या स्विचमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे.

फ्यूज नुसता पाहून ठरवू नये, मल्टिमीटरने तपासावा. मोटरहोममध्ये गाडीची आणि राहत्या भागाची अशा दोन बॅटऱ्या असतात आणि मॉनिटर यांपैकी कोणत्याही एकीवर जोडलेला असू शकतो. त्यामुळे पुढच्या फ्यूजपेटीत सर्व काही ठीक दिसले, तरी राहत्या भागाचा मुख्य स्विच बंद असल्याने पडदा काळा राहू शकतो. याशिवाय नंतर बसवलेल्या मॉनिटरच्या वायरवर बहुधा वेगळा फ्यूज असतो आणि तो डॅशबोर्डच्या आत दडलेला असतो. फ्यूज जळलेला आढळल्यास तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. तोही जळला, तर कुठेतरी वायर पत्र्याला टेकली आहे असे समजून आधी ती जागा शोधावी. जास्त क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे आगीला वाट करून देणे आहे.

पडदा निळा असेल, तर पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात. कॅमेरा मागून काढून पुढे आणावा आणि छोट्या केबलने थेट मॉनिटरला जोडून पाहावा. अनेक संचांत चार पिनांच्या एकाच केबलमधून चित्र आणि कॅमेऱ्याची वीज दोन्ही जातात, तेव्हा ही चाचणी दोन मिनिटांची असते. कॅमेऱ्याची वीज वेगळी घेतलेली असेल, तर त्याला बॅटरीवरून फ्यूज लावलेली तात्पुरती जोडणी द्यावी. चित्र आले तर कॅमेरा आणि मॉनिटर दोन्ही निर्दोष ठरतात आणि शोध मधल्या वायरपुरता उरतो. चित्र आले नाही, तर मॉनिटरच्या दुसऱ्या चॅनलवर तोच कॅमेरा जोडून पाहावा; तिथेही काही दिसले नाही, तरच कॅमेऱ्यावर संशय घ्यावा.

मधल्या वायरची तपासणी मागच्या टोकापासून सुरू करावी. कॅमेऱ्याच्या जोडावर चिखल, पाणी आणि मीठ यांचा मारा होत असतो. जोड उघडल्यावर पिनांवर हिरवट थर दिसला, तर पाणी आत शिरले आहे हे निश्चित. थर हलका असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करता येतो; पिन खाल्ली गेली असेल तर जोड बदलावाच. त्यानंतर कॅमेऱ्याच्या जोडावर व्होल्टेज मोजावे, पण कॅमेरा जोडलेला असताना. मोकळ्या टोकावर बाराच्या आसपास आकडा दिसणे फसवे असते, कारण खराब जोडही मोकळा असताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि भार पडताच कोसळतो. बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि कॅमेऱ्यावर भारासह ९ किंवा १० व्होल्ट असा फरक आढळला, तर वायर बारीक आहे किंवा अर्थचा (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या ऋण वायरचा) जोड गंजलेला आहे.

दिवसा चालणारा कॅमेरा अंधार पडताच बंद होत असेल, तर त्याचेही कारण बहुधा हेच असते. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि अशक्त वायर ती पुरवू शकत नाही.

व्होल्टेज ठीक असूनही चित्र नसेल, तर केबलची दोन्ही टोके सोडवून प्रत्येक पिन पुढच्या टोकाच्या त्याच पिनशी जोडलेली आहे का आणि चित्राची वायर तिच्याभोवतीच्या संरक्षक तारेच्या जाळीला कुठे चिकटली आहे का, हे मल्टिमीटरने पाहावे. मागच्या दाराच्या बिजागरीजवळ केबल वारंवार वाकते आणि तिथेच ती आतून तुटते. मोजताना केबल हळूहळू हलवावी. आकडा थरथरला की जागा सापडली.

चित्र लुकलुकत असेल, तर कॅमेऱ्याची वीज रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतली आहे का ते पाहावे. अनेक नव्या गाड्यांत संगणक दिव्याला सलग वीज न देता ठोक्याठोक्यांनी देतो. दिव्याला ते चालते, कॅमेऱ्याला नाही. तेव्हा कॅमेऱ्याला फ्यूज लावलेली स्वतंत्र वीज द्यावी आणि दिव्याच्या वायरवरून फिल्टरमार्फत फक्त सूचना घ्यावी. इंजिन चालू असतानाच आडव्या रेषा येत असतील, तर अर्थच्या जोडाची जागा बदलून पाहावी. चित्र कृष्णधवल असेल किंवा वरखाली सरकत असेल, तर कॅमेरा पाल पद्धतीचा आणि मॉनिटर एनटीएससीवर लावलेला, किंवा उलट, असू शकतो; पाल आणि एनटीएससी या चित्राच्या सिग्नलच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. नवा कॅमेरा बसवल्यावर हा घोटाळा विशेष आढळतो. एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्र देणाऱ्या पद्धतीचा, कॅमेरा जुन्या साध्या मॉनिटरवर चालत नाही. बिनतारी संचात मात्र आधी कॅमेरा आणि मॉनिटर पुन्हा एकमेकांशी जोडावेत आणि गाडीतला वाय-फाय राउटर तात्पुरता बंद करून पाहावा, कारण असे बरेच संच २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात.

चित्र धूसर असेल तर काच आधी ओल्या मऊ कापडाने पुसावी. बाष्प काचेच्या आतल्या बाजूला असेल, तर सील गेलेले आहे. कॅमेरा वाळवून काही दिवस निभावेल, पण बदलावा लागेल.

दुरुस्ती झाल्यावर जोड हीट श्रिंक नळीने (उष्णतेने आकसून घट्ट बसणाऱ्या नळीने) बंद करावा आणि पाणी वायरवरून ओघळत आत जाऊ नये म्हणून जोडाखाली वायरला खाली लोंबता वळसा द्यावा. छिद्र बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये, कारण त्यातील आम्ल तांब्याला खाते. असे आम्ल न सोडणारे न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. कॅमेरा पुन्हा बसवल्यावर त्याचा कोन थोडा बदलतो आणि पडद्यावरच्या अंतराच्या रेषा चुकीच्या ठरतात. म्हणून गाडी उभी असताना मागच्या बंपरपासून एक, दोन आणि तीन मीटरवर खुणा ठेवून रेषा जुळवून घ्याव्यात आणि हीच पाहणी अंधारात एकदा पुन्हा करावी.